आल्बिन कोझेल आणि वळणावरची लिपा

आल्बिन कोझेलच्या लग्नात केक त्याच्या सासऱ्यानं कापला. नवरदेव तेव्हा गावाबाहेर, नवा कोट कुंपणावर टाकून, एका पेटलेल्या गवताच्या कोठारावर पाणी मारत होता. भोंगा वाजला तसा अकॉर्डियनवाला थांबला आणि आम्ही सात-आठ जण ताटावरून उठलो. बाकीच्यांनी आल्बिनचा दंड धरला.

"आजचा दिवस तरी बस रे बाबा!"

"मग बंब कोण चालवणार? तू?" असं म्हणून तो गेला.

संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या भुवया जळून गेलेल्या होत्या. तशाच चेहऱ्यानं काढलेला फोटो अजून त्यांच्या भिंतीवर आहे. पाहुणा आला की श्तेफका, त्याची बायको, सांगते, "हा आमचा लग्नाचा फोटो. यातला नवरा पूर्ण परत आला नव्हता."

मी विन्को. गावच्या बेकरीत काम करायचो आणि आल्बिनच्या बंबात मागच्या बाकावर बसायचो. आमचं पोदलेस्ये लहान गाव. चर्च, शाळा, एक पाच मजली इमारत, आणि चहूबाजूंना बिअरला लागणाऱ्या हॉप्सचे मळे, उंच खांबांवर चढलेल्या वेलींचे. असल्या गावाला पगारी अग्निशमन दल कुठून परवडणार? आमच्याकडे आग आम्हीच विझवतो. शिक्षक, सुतार, बेकरीवाले, शेतकरी. भोंगा झाला की हातातलं टाकून बंबघराकडे धावायचं. देश बदलला, युगोस्लाव्हिया गेला, स्लोव्हेनिया आला, पण भोंगा तोच राहिला आणि एकमेकांना भेटल्यावर "मदतीला!" म्हणायची आमची रीतही तीच राहिली.

आल्बिन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, नखांत कायम काळं तेल. आधी तो बंब चालवायचा, पुढे दलाचा प्रमुख झाला, तरी स्टिअरिंग सोडलं नाही. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना तो उठून आलेला मी पाहिलाय. मुलीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीनंतरच्या जेवणातून उठलेला पाहिलाय. एकदा तर दात काढायला गेला होता, तोंड बधिर झालेलं. आम्हाला हुकूम देत होता आणि आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. त्या दिवशी आम्ही चुकीच्या बाजूनं पाणी मारलं आणि एका भल्या माणसाच्या कोंबड्या भिजवल्या.

लोकांना वाटतं बंबवाले म्हणजे आगच आग. आग थोडी. हिवाळ्यात धुरांड्यातली काजळी पेटायची. हॉप्स वाळवायच्या भट्ट्या पेटायच्या, त्या मात्र भयंकर. बाकी मग तळघरात पाणी, पोटमाळ्यावर गांधीलमाशांचं पोळं, शेणाच्या खड्ड्यात पडलेली गाय, पाच मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकलेली आणि शिव्या देत बसलेली म्हातारी. बर्फाच्या पावसानं जंगल मोडून पडलं तेव्हा आठवडाभर आम्ही फक्त झाडं कापत होतो. घरी जाऊन बूट काढायचे आणि पाय सुजले म्हणून ते पुन्हा चढायचे नाहीत.

पण थकवा त्याचा नसायचा. मोठ्या शहरातला बंबवाला ज्याला बाहेर काढतो तो त्याला पुन्हा दिसत नाही. आम्हाला दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत दिसायचा. ज्याचं घर जळताना त्याला आम्ही अंतर्वस्त्रांत रडताना पाहिलं, तो आमच्याकडून पाव घेताना खाली बघायचा. आल्बिनला हे फार लागायचं. एकदा नळ्या धुताना म्हणाला, "विन्को, गावातले अर्धे लोक मला बघून रस्ता बदलतात. मी त्यांचं काय वाईट केलं रे?"

"तू त्यांना पाहिलंस," मी म्हणालो. "तेवढंच केलंस."

तो नळी पिळत राहिला.

गावातून शहराकडे जाणारा रस्ता हॉप्सचे मळे संपतात तिथं अचानक वळतो. त्या वळणावर लिपाचं झाड होतं. आमच्याकडे लिपाला मान आहे. गावोगावी असते, तिच्याखाली पंचायत बसते, जूनमध्ये फुलं वेचून सर्दीसाठी चहा करतात. ही लिपा तर शेदोनशे वर्षांची. दोघा माणसांच्या कवेत न मावणारी, आणि रस्त्याच्या अगदी कडेला. घोडागाडीच्या काळात तिचा कुणाला त्रास नव्हता. गाड्या वेगवान झाल्या तशी ती माणसं मारायला लागली. असं म्हणू नये, झाड उभंच होतं. पण आम्ही तिथून परत येताना असंच म्हणायचो.

एका रविवारी दुपारी, पाऊस पडत असताना, तिथं तिल्का स्मोलेचा मुलगा आदळला. गोराझ्द त्याचं नाव, एकोणीस वर्षांचा, एकुलता एक. फुटबॉल खेळून मामाची गाडी चालवत परत येत होता. तिल्का विधवा, शिवणकाम करायची. ती आणि आल्बिन शाळेत एका बाकावर बसलेले. अख्ख्या गावात आल्बिनला तोंडावर "अरे ढोल्या" म्हणणारी ती एकटीच.

आल्बिन फुटलेल्या काचेतून अर्धा आत शिरला होता आणि पोराशी बोलत होता. मी दार उघडायचा प्रयत्न करत होतो. पेट्रोल गळत होतं, त्याचा वास पावसातही येत होता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "तिल्का येतेय!" ती मळ्याच्या वाटेनं धावत येत होती, एका पायात चप्पल, गळ्यात शिवणाची टेप लटकलेली. आल्बिननं आत काय अवस्था आहे ते पाहिलेलं होतं. तो बाहेर आला आणि रस्त्याच्या मधोमध तिला दोन्ही हातांनी पकडलं.

"सोड मला! आल्बिन, सोड! माझा पोरगा आहे तो!"

"नाही तिल्का. तिकडे नाही जायचं."

तिनं त्याच्या तोंडावर बुक्क्या मारल्या. मनगटाला चावली. त्यानं सोडलं नाही. आम्ही दार काढलं तोवर गोराझ्द गेला होता.

अंत्यविधीनंतर आल्बिन तिच्या घरी गेला. श्तेफकानं बरोबर पोतित्सा दिली होती, अक्रोडाचं सारण घातलेली गोड पावाची गुंडाळी. तिल्कानं दार अर्धवट उघडलं.

"तुम्ही कशाला आलात?" ती म्हणाली.

तेव्हापासून ती त्याला "तुम्ही" म्हणू लागली. अनोळखी सरकारी माणसाला म्हणतात तसं. दुकानात, चर्चच्या दारात, कुठंही समोर आला तर "तुम्हाला नमस्कार" एवढंच, तेही मान वळवून. आल्बिन तिला कधी "तू" म्हणाला, कधी काहीच नाही. एकदा श्तेफकाला म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

दर शनिवारी दुपारी तिल्का लिपाखाली जायची. लाल काचेतली मेणबत्ती लावायची, फुलदाणीतलं पाणी बदलायची, थोडा वेळ उभी राहायची. थडगं होतं चर्चमागे, तिथं ती सणासुदीलाच जायची. तिचा मुलगा इथं गेला होता, म्हणून ती इथं यायची. त्या झाडाची फुलं चहासाठी वेचणं गावानं न सांगता बंद केलं.

नंतरही लिपावर गाड्या आदळत राहिल्या. बाहेरगावचे, घाईतले, पिऊन आलेले, न प्यायलेले. इशाऱ्याच्या पाट्या लावल्या, वेगाची मर्यादा कमी केली, वळणावर आरसा बसवला. आरसा एका ट्रकनं तोडला. प्रत्येक वेळी दलानं कमरेला दिलेला पेजर वाजला आणि त्यातून जागेचं नाव ऐकलं की बंबात कुणी बोलायचं नाही. एकदा शहरातलं तरुण जोडपं होतं, दोघंही गेली. त्या दिवशी आल्बिन परत आल्यावर बंबघराच्या पायरीवर बसला तो उठेचना. श्तेफका येऊन त्याला हाताला धरून घेऊन गेली, आजाऱ्याला नेतात तशी.

मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा गावच्या सभेत अर्ज केला. झाड पाडा. सांस्कृतिक भवनात सभा भरली. आल्बिन उभा राहिला, टोपी हातात. "मला बोलता येत नाही. पण तिथून माणसं मी काढतो. मला आता नको वाटतं," एवढंच म्हणाला. काही जण म्हणाले, झाडाला ब्रेक आहेत का, ब्रेक गाडीला आहेत. काही जण हसले. मग मागच्या ओळीतून तिल्का उठली.

"त्या दिवशी तुम्ही मला त्याच्यापर्यंत जाऊ दिलं नाहीत," ती आल्बिनकडे बघून म्हणाली. आवाज चढवला नाही. "आता जिथं जाते तेही काढून घेणार. घ्या."

आल्बिन खाली बसला. अर्ज त्यानंच मागे घेतला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. बाकी कुणाची काढायची हिंमत नव्हती.

अशी वीसेक वर्षं गेली. आम्ही म्हातारे झालो. माझे गुडघे गेले, आल्बिनचे केस गेले. तरुण पोरं दलात आली आणि त्यातली बरीच कामासाठी ऑस्ट्रियाला गेली. डॉक्टरनं आल्बिनला हृदयाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, धावपळ नको. आल्बिन म्हणाला, "मी कुठं धावतो, मी गाडी चालवतो."

मग हॉप्सच्या तोडणीतला एक शनिवार आला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी देशभर भोंग्याची चाचणी असते, त्यामुळे भोंगा वाजला तेव्हा कुणी मान वर केली नाही. पण आमचे पेजर वाजत होते. जागेचं नाव ऐकलं आणि आल्बिननं मळ्यातल्या ट्रॅक्टरखालून अंग बाहेर काढलं.

आम्ही पोचलो तेव्हा छोटी निळी गाडी लिपाला चिकटली होती. बाजूला फुलदाणी फुटलेली. आणि गाडीच्या खिडकीशी गुडघ्यांवर तिल्का. ती नेहमीसारखी मेणबत्ती लावायला आली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत, दहा-बारा पावलांवर गाडी आदळली होती. आत आयदा, शिक्षकाची मुलगी, नुकतं लायसन्स मिळालेली. तिल्कानं दोन्ही हात आत घालून तिचं डोकं धरलं होतं.

आल्बिन वाकला, आत पाहिलं. "तिल्का, हलू नकोस. असंच धर. मान वळू देऊ नकोस."

"धरलंय मी," ती म्हणाली.

आम्ही पत्रा कापायची मोठी कात्री लावली. लोखंड किंचाळत होतं. तिल्कावर चादर टाकली, काच लागू नये म्हणून, आणि चादरीखालून तिचा आवाज येत होता, "इथं बघ माझ्याकडे. तुझ्या शाळेच्या निरोप समारंभाचा ड्रेस मी शिवला होता, आठवतं? हिरवा. कंबरेत दोनदा सैल करून घेतलास. बोल काहीतरी."

"मावशी, माझा पाय कुठाय?"

"आहे, आहे. जागेवर आहे. माझ्याकडे बघ."

पाय जागेवर होता, पण ते बघण्यासारखं नव्हतं. तिल्कानं ते पाहिलं होतं. आम्हीही.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला आयदाची आई दिसली. सायकल टाकून धावत होती. तिल्कानं खांद्यानं चादर बाजूला सारून मान वर केली आणि माझ्यावर ओरडली, "विन्को! अडव तिला! येऊ देऊ नकोस इकडे, धर तिला!"

मी निघालोच होतो. मागून आल्बिन म्हणाला, "विन्को, थांब. येऊ दे."

मी दोघांच्या मध्ये उभा. तिल्का आल्बिनकडे बघत होती. कात्री थांबली होती.

"त्या बाजूनं आण," आल्बिन म्हणाला. "पलीकडच्या दारानं. पाय दिसणार नाही तिथून. हात धरू दे पोरीचा."

मी तिच्या आईला हाताला धरून पलीकडच्या बाजूनं आणलं. तिनं आत हात घातला आणि मुलीची बोटं पकडली. तिल्कानं डोकं धरलेलं, आईनं हात धरलेला, आणि आम्ही पुन्हा कात्री चालू केली. बराच वेळ लागला. आयदा जिवंत बाहेर आली. पायासाठी तिला पुढे कितीदा कापाकापी सोसावी लागली, आजही ती लंगडते, पण शाळेत शिकवते आणि फार बोलते.

अँब्युलन्स गेल्यावर तिल्का बांधावर बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. आल्बिननं बंबातून पाण्याची बाटली आणून दिली. तिनं हात धुतले, दोन घोट घेतले आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

"घे. तूही पी. पांढरा पडलायस."

तो तिच्या शेजारी बसला आणि प्याला. मी नळ्या गुंडाळायला गेलो. गुंडाळायला काही नव्हतं, आम्ही नळ्या काढल्याच नव्हत्या.

काही आठवड्यांनी ती त्याच्या वर्कशॉपमध्ये आली. मी तिथंच होतो, माझ्या गवत कापायच्या यंत्राचं पातं घेऊन. निघू लागलो तर म्हणाली, "बस रे, तुझ्यापासून काय लपवायचं." मग आल्बिनला म्हणाली, "कधी पाडायचं झाड?"

आल्बिननं पाना खाली ठेवला. "तुझ्या मनात नसेल तर नको तिल्का. मी काही मागत नाहीये."

"मला माहितीये तू मागत नाहीस. तू कधी काही मागितलंस? ढोल्या." तिनं स्टुलावरचं फडकं उचललं आणि बसली. "मी त्या मुलीचं डोकं धरलं होतं तेव्हा मेणबत्ती माझ्या पायाशी जळत होती. मला वाटलं, मी इथं नेमकं काय राखत बसलेय इतकी वर्षं?"

फडकं तिनं मांडीवर घडी करून ठेवलं. मग तिनं विचारलं, "आल्बिन, तो काही बोलला होता का? त्या दिवशी. तू आत होतास."

"बोलला."

"काय?"

"गाडीचं विचारत होता. म्हणाला, गाडीला फार लागलंय का? मामा मारेल मला." आल्बिन नखांकडे बघत होता. "मी म्हटलं, काही नाही, जरा पोचा आलाय, मी सरळ करून देतो, मामाला कळणारही नाही. तर म्हणाला, खरंच? मी म्हटलं, खरंच. मग तू आलीस."

तिल्काच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्यासारखा. "गाडी! मरताना गाडीचं! अगदी बापावर गेला होता." मग तिनं ते तेलकट फडकं तोंडावर धरलं आणि रडली. आल्बिन जागचा हलला नाही. मी भिंतीकडे बघत होतो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू 'तुम्ही' म्हणत होतीस," तो म्हणाला. "तुम्ही म्हणणाऱ्या बाईला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही."

झाड पुढच्या हिवाळ्यात पडलं. परवानगी यायला वेळ लागला. तिल्कानं नव्या अर्जावर सही केल्यावर बाकीचे गप्प बसले, सगळे नाही. काहींनी आम्हाला नमस्कार करणं सोडलं. आतून झाड पोकळ निघेल, निदान कुजलेलं निघेल, असं आम्हाला वाटत होतं, म्हणजे मनाला बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. खोड निरोगी होतं, पांढरं, ओलसर, गोड वासाचं. अख्खा दिवस लागला. आल्बिननं सुरुवात केली, पण दुपारपर्यंत त्याला धाप लागली आणि त्यानं करवत एका तरुण पोराकडे दिली. झाड पडलं तेव्हा जमीन हादरली. पोरांनी थर्मासमधला चहा काढला.

"आता बरं वाटतंय?" मी आल्बिनला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "झोप येतेय."

तिल्का आली नव्हती. ती आता इतरांसारखी चर्चमागे जाते, शनिवारी नाही, मनात येईल तेव्हा. त्या वळणावर गाड्या अजून घसरतात. त्या मळ्यात जाऊन हॉप्सच्या तारांत अडकतात, आतला माणूस शिव्या देत बाहेर येतो आणि शेतकरी ट्रॅक्टरनं गाडी ओढतो. आम्हाला बोलवायचीही गरज पडत नाही बहुतेक वेळा.

आल्बिननं त्याच वसंतात पेजर परत केला. डॉक्टर म्हणाला म्हणून नाही, श्तेफका म्हणाली म्हणून. मे महिन्यात आम्हा बंबवाल्यांचा रखवाला संत फ्लोरियान, त्याची प्रार्थना असते, सगळे गणवेश घालून चर्चमध्ये जातात. त्या वर्षी प्रार्थनेनंतर तिथंच आल्बिनचा सत्कार करायचा ठरला होता. पहिल्या बाकावर तो श्तेफकाशेजारी बसला, गळ्याशी बटण लावलेलं, पोट दाबून. बाहेर अंगणात सॉसेज भाजायला ठेवले होते, त्यांचा वास आत येत होता. पाद्री लांबण लावून बोलला. मग नवी प्रमुख, सुताराची धाकटी मुलगी, सन्मानचिन्ह घेऊन पुढे आली आणि तिनं नाव पुकारलं, "आल्बिन कोझेल!"

आल्बिन झोपला होता. हनुवटी छातीवर, हात मांडीवर उघडे. घोरत नव्हता, पण गाढ, छाती संथ वरखाली होत होती.

मुलगी गोंधळून उभी राहिली. मी वाकून त्याच्या खांद्याला हात लावणार, तर श्तेफकानं माझ्या हातावर चापट मारली.

"खबरदार उठवशील तर," ती कुजबुजली. "ते काय आहे ते दे इकडे, मी धरते."

तिनं ते मांडीवर ठेवलं. पाद्रीनं वाजंत्रीवाल्यांना हातानं खूण केली, वाजवू नका म्हणून. एकेक करत आम्ही बुटांचा आवाज न करता बाहेर सॉसेज खायला आलो. ती दोघं आतच बसून होती.